अँब्युलन्सवाल्यांचं ट्रॉमा प्रशिक्षण: तीन दिवस, १२०० रुपये आणि एक पँट

संस्थेचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगतो. खाली कौतुक आहे तशा तक्रारीपण आहेत, आणि उद्या रात्री पेशंट घेऊन मला त्यांच्याच दारात उभं राहायचंय. खानापूर-बेळगाव भागात गाडी मारणाऱ्यांना मी कुठल्या कोर्सबद्दल बोलतोय ते कळेल. नाही कळलं तर स्टँडवर कुणालाही विचारा.

मी नऊ वर्षं उसाचा ट्रक चालवला, नंतर बारा वर्षं अँब्युलन्स. गाडी आमच्या भागातल्या एका पतसंस्थेची. १०८ वेगळी, आम्ही वेगळे. कर्नाटकात १०८ सुरू झाली २००८ च्या नोव्हेंबरात, तिचा मोठा आधार आहे. पण ती एका केसवर गेलेली असताना जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला दुसरी केस झाली की फोन आम्हाला येतो. सरकारी नियमात अँब्युलन्सचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. आमची कागदावर ‘बी’, म्हणजे पेशंटला नुसतं न्यायचं-आणायचं. आता अपघात काय गाडीचा प्रकार विचारून होतो?

गाडीत असतं काय, तर एक स्ट्रेचर, एक बी-टाइप ऑक्सिजन सिलिंडर, त्याची चावी (एकदा ऐनवेळी सापडली नव्हती, तेव्हापासून सुतळीनं बांधलेली), दोन कांबळी आणि एक प्रथमोपचार पेटी, जिच्यातली कात्री माझ्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीसाठी घरी गेली ती गेलीच. मागे बसायला पेशंटचा मेहुणा. माझ्याबरोबर एक पोरगा असतो, पण यात्रेच्या दिवसांत तोपण नसतो.

बारा वर्षांत मला एकच उपचार येत होता, ॲक्सिलरेटर. उचला, टाका, सायरन, बेळगाव. चेअरमनसाहेबांनी फी भरली आणि ‘जाऊन ये’ म्हणाले, तेव्हा मला राग आला होता. तीन दिवसांचा भत्ता बुडणार आणि कुणीतरी पंख्याखाली बसून मला अपघात शिकवणार. वरच्या गावांतून पावसाळ्यात नाले भरले की लोक पेशंटला कांबळ्याच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, जंगलातून चालत रस्त्यापर्यंत आणतात. कोंगळा, पास्टोली, गवाळीकडच्या माणसाला ‘गोल्डन अवर’, म्हणजे जखमेनंतरचा मोलाचा पहिला तास, सांगून बघा. त्याचा तो तास झाडीतच संपलेला असतो.

तर हा ट्रॉमाचा, म्हणजे अपघातातल्या जखमांचा, कोर्स. बेळगावात, शुक्रवार ते रविवार. फी १२००, त्यात चहा, दुपारचं जेवण आणि शेवटी एक पाऊच. आम्ही बावीस जण होतो: बहुतेक खासगी गाड्यांचे ड्रायव्हर, साखर कारखान्याच्या अँब्युलन्सवरचे दोघे, एक चंदगडकडचा, दोघे निपाणीचे. निपाणीवाले तवंदी घाटातले. त्यांनी माझ्या दुप्पट माणसं रस्त्यावरून उचलली असतील. पहिल्या दिवशी तेपण मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

शुक्रवारची सकाळ वाया गेली असं माझं मत. स्वागत, दीपप्रज्वलन, मग पडद्यावर आकडे. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, हा एक आकडा तेवढा डोक्यात राहिला, कारण शेजारचा निपाणीवाला हळूच म्हणाला, ‘‘ह्यातले थोडे माझ्या गाडीत होते वो.’’

दुपारी मात्र सगळे खुर्च्या सोडून उभे राहिले. टेबलावर बोकडाची तंगडी आणून ठेवली होती. मांडीत सुरीनं केलेलं खोल भोक, आतून सलाईनची नळी, वर बाटलीत कुंकवाचं पाणी. बाटली दाबली की भोकातून धार. डॉक्टर म्हणाले, ‘‘थांबवा.’’ बॅचमध्ये एक लिंगायत पोरगं होतं, त्यानं तंगडीला हात लावायला नको म्हटलं. त्याला काही न बोलता जाड स्पंज दिला, त्यालापण तसंच भोक पाडलेलं. हे मला आवडलं.

आम्ही सगळ्यांनी तेच केलं जे इतकी वर्षं करत आलोय. वर कापूस, त्यावर बँडेज, ते भिजलं की त्यावर अजून एक. पाच मिनिटांत पायावर गाठोडं झालं आणि टेबलाखाली लाल पाणी टपकतच होतं. मग डॉक्टरांनी ते सगळं उपसून फेकलं, बोट भोकात घातलं, धार कुठून येतेय ते चाचपलं आणि गॉजची पट्टी तळापासून ठासत आणली, बंदुकीत दारू ठासावी तशी, अजून एक बोटभर मावणार नाही इथपर्यंत. त्यावर दोन्ही तळवे, कोपरं सरळ, सगळं वजन. साध्या गॉजला दहा मिनिटं. रक्त गोठवणारं औषध लावलेला गॉज असतो त्याला तीन पुरतात, पण तो आपल्या पेटीत कोण ठेवणार? दहा मिनिटं एका जागी दाबून धरणं म्हणजे काय ते करून बघा. थांबलं का ते बघायला हात दोनदा तरी आपोआप उचलला जातो. उचलला की पुन्हा पहिल्यापासून. हे ठासणं हात, पाय, जांघ, काख इथंच. छातीत किंवा पोटात असं काही कोंबायचं नाही, हे त्यांनी तीन वेळा बजावलं.

पूर्वी ए, बी, सी शिकवायचे: आधी श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग रक्त. आता त्याच्याही आधी एक ‘एक्स’ आलाय, म्हणजे धो धो वाहणारं रक्त. अंगात रक्त पाच लिटरच्या आसपास, पाण्याच्या पाच बाटल्या. मांडीचं एक हाड मोडलं तर एक-दीड लिटर आतल्या आत जातं आणि बाहेर थेंब दिसत नाही. हे ऐकल्यावर मला एकदम तीन-चार जुन्या केसेस आठवल्या. ‘‘काही लागलं नाही साहेब, नुसता पाय मोडलाय,’’ असं मीच सांगितलं होतं.

आवळपट्टी, म्हणजे टूर्निके, यावर त्यांनी जवळजवळ दोन तास घेतले आणि ते योग्यच होतं. आमच्याकडे अपघातात कुणीतरी सुतळी नाहीतर मोटरसायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी करकचून बांधतोच. बारीक दोरी कातडीत घुसते, पण आतली धमनी काही बंद होत नाही. पट्टी तीन-चार सेंटिमीटर रुंद पाहिजे, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नको. गाठ, गाठीत दांडका, आणि पीळ. पीळ कुठवर? धार थांबेपर्यंत. पेशंट ओरडतो, दुखतंच ते, म्हणून सोडायचं नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे मधेमधे सैल करायची नाही. मला एका जुन्या कंपाउंडरनं शिकवलं होतं की दर पंधरा मिनिटांनी ढिली करावी, नाहीतर पाय काळा पडतो. चूक! सैल केली की पुन्हा रक्त जातं. दोन तासांपर्यंत सहसा पायाला धोका नसतो, आणि दोन तासांत बेळगाव येतं. फक्त बांधल्याची वेळ लिहायची. कपाळावर लिहिली तरी चालेल, पण लिहायची. दांडक्यासाठी त्यांनी पेन, लाकडी पट्टी, लाटणं असं सगळं वापरून दाखवलं. पेन मोडलं. मी गाडीतला १४-१५ चा पाना आणून दाखवला, तो बरोबर बसला. डॉक्टरांनी त्याचा फोटो काढला. बारा वर्षांत माझ्या पान्याचा पहिला फोटो.

दुसरा दिवस पाठीच्या मणक्याचा, आणि इथं माझी पहिली तक्रार. पेशंटला ओंडक्यासारखा एका अंगावर वळवून पाठीखाली बोर्ड सरकवायचा. डोक्याशी एक, खांद्याशी एक, कंबरेशी एक, पायाशी एक आणि बोर्ड सरकवायला पाचवा. अहो, आम्ही दोघं असतो! अर्धा दिवस त्यांनी पाच-पाच जणांचे गट करून कवायत घेतली. शेवटी मीच विचारलं, सर, बाकीचे तिघं मी आणायचे कुठून? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ‘‘बघ्यांतले तिघं घ्या, डोकं तुम्ही धरा, आणि ऑर्डर डोकं धरणाऱ्याचीच.’’ मग एका गटातल्या दोघांना बाहेर काढून त्यांच्या जागी चहावाला आणि वॉचमनमामाला उभं केलं.

त्यातून जे निघालं ते कुठल्याच पडद्यावर नव्हतं. ‘‘ओंदु, येरडु, मूरु,’’ म्हटलं. निम्म्यांनी ‘मूरु’ म्हणताक्षणी वळवलं, निम्मे ‘मूरु’ झाल्यावर वळवणार होते. पेशंट झालेल्या पोराचा खांदा इकडे आणि कंबर तिकडे. खरा मणका असता तर तिथंच संपला असता. वॉचमनमामा म्हणाले, ‘‘तीनवर की तीननंतर, ते आधी सांगायला पाहिजे की!’’ आता मी रस्त्यावर अनोळखी माणसांना आधी तेच सांगतो, मराठीत आणि कन्नडात: तीन म्हटलं की लगेच.

मधे दोन तास एका पाहुण्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवर भाषण दिलं. आमच्यातल्या एकाच्याही गाडीत व्हेंटिलेटर नाही. मी त्यात झोपलो, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळची सिस्टर मात्र विसरणार नाही. वयानं आमच्यापेक्षा लहान, पण बोलण्यात धाक. कंबरेचं हाड, म्हणजे ओटीपोटाखालचा हाडांचा कडा, फुटला तर आत केवढं रक्त साठतं ते तिनं आधी घागरीतल्या पाण्यानं दाखवलं. म्हणाली, त्यासाठी कंपनीचा पट्टा मिळतो, पण तुमच्याकडे तो नसणार, आणि पिशवीतून लुगडं काढलं. खरंच नऊवारी लुगडं, बहुतेक तिच्या आजीचं. वीतभर रुंद घडी घातली, गुडघ्यांच्या खालच्या पोकळीतून सरकवत वर नेली. आम्ही सगळ्यांनी ती कंबरेला, पँटच्या बेल्टच्या जागी, बांधली. सगळे नापास. पट्टी खुब्यावर पाहिजे, पँटच्या खिशात हात घातल्यावर बाजूला जो हाडाचा गोळा लागतो तिथं. तिथं आवळायची, आणि गुडघे, घोटे एकमेकांना बांधायचे. कंबर हलवून ‘दुखतंय का’ विचारायचं नाही, गोठलेलं रक्त सुटतं. मी सिस्टरला विचारलं, लुगडं नसेल तर? म्हणाली, ‘‘काका, तुमच्या भागात घरात लुगडं नाही असं घर दाखवा, मी कोर्सची फी परत देते.’’

आता पँटची गोष्ट. जखमी माणसाचे कपडे ओढून काढायचे नाहीत, कापायचे. त्यासाठी बोथट टोकाची जाड कात्री असते, बेल्टसुद्धा कापते. दाखवायला पेशंट पाहिजे होता आणि मी पहिल्या ओळीत होतो. मला वाटलं कापल्यासारखं करतील. घोट्यापासून कंबरेपर्यंत एका दमात फाडली. आत चड्डी होती म्हणून अब्रू वाचली. दिवाळीला घेतलेली पँट. घरी मंडळींनी विचारलं, मी म्हटलं ट्रेनिंगमध्ये कापली, तर तिचा अजून विश्वास नाही.

त्यावर सगळे हसत असताना डॉक्टरांनी मला तसंच फरशीवर पडू दिलं, वर पंखा फुल्ल. पाच मिनिटांत मी कुडकुडायला लागलो. मग म्हणाले, ‘‘हा धडधाकट आहे. ज्याचं लिटरभर रक्त गेलंय त्याचं काय होत असेल?’’ गार पडलेलं रक्त नीट गोठत नाही. गोठत नाही म्हणून वाहतं, वाहतं म्हणून अजून गार पडतं. चोर्ला घाटात पावसात भिजलेला पेशंट घेऊन, त्याला बरं वाटावं म्हणून मी मागचा एसी लावायचो. लावायचोच.

ऑक्सिजनचं गणित तिसऱ्या दिवशी. बी-टाइप पूर्ण भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरनं सोडला तर अडीच तास, अर्धा असेल तर सव्वा तास. सोपं आहे, पण बारा वर्षांत मी हे गणित कधी मांडलं नव्हतं. काटा लाल पट्ट्यात गेला की भरून आणायचा एवढंच. कणकुंबीहून बेळगाव, धुकं, समोर गोव्याकडून येणारे ट्रक: सव्वा तास म्हणजे गळ्याशी आलेली गोष्ट. आता काटा अर्ध्यावर आला की मी सिलिंडर बदलतो. पतसंस्थेचे क्लार्क कुरकुरतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी, कोर्स संपायला दोन तास असताना, त्यांनी आम्हाला आपापल्या गाड्यांपाशी नेलं. मागचं दार उघडा, सगळं बाहेर काढा. अंगणात बावीस जणांच्या अब्रूचं प्रदर्शन. कुणाच्या पेटीत मुदत संपलेलं मलम, कुणाच्या स्ट्रेचरचं चाक तारेनं बांधलेलं, एकाच्या गाडीत भाताचं पोतं. माझ्या कात्रीची गोष्ट मी सांगितली नाही. मग एकेकाच्या गाडीत बसून त्यांनी विचारलं: तू पुढे, मागे मेहुणा, पेशंटच्या घशात घरघर, काय करशील? गाडीत बसून विचारल्यावर उत्तर वेगळं येतं. मेहुण्याला जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलून धरायला शिकवायचं, मान न वाकवता. उलटी आली तर सगळं अंग एकदम कुशीवर. पाणी पाजायचं नाही. ‘‘नीरु कोडबेडी’’ हे आता मी पेशंटला हात लावायच्या आधी म्हणतो, कारण आपल्याकडे तांब्या घेऊन कुणीतरी उभं असतंच. मेहुण्याला कामाला लावलं की तो रडायचापण थांबतो, हा आपला अनुभव, तो कोर्समध्ये नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की हे दोन तास पहिल्या दिवशी पाहिजेत आणि व्हेंटिलेटरच्या जागी पाहिजेत.

भाषेबद्दल बोलायलाच पाहिजे. पडदा इंग्रजीत, बोलणं कन्नडात, पुस्तक पुन्हा इंग्रजीत. मला इथं सीमाप्रश्न काढायचा नाही, त्याला दुसऱ्या जागा आहेत. मला कन्नड येतं, रस्त्यावर रोज बोलतो, पण ‘फुप्फुसाभोवती हवा साठून श्वास कोंडतो’ हे कन्नडात ऐकून कळणं वेगळं. चंदगडवाल्याला तर ‘येल्ली नोवु’च्या (कुठं दुखतंय) पुढे काही कळेना. सिस्टर मधेमधे मराठीत सांगायची म्हणून निभावलं. बावीसपैकी चौदा-पंधरा जण मराठी बोलणारे होते. चार पानांचं मराठी टिपण काढायला काय लागतं? आणि उलटंही म्हणतो, आम्हाला कन्नडातले दहा वाक्यांचे प्रश्नही लिहून द्या, कारण हायवेवर पडलेला लॉरीवाला हुबळीचापण असतो.

कायद्याचा तास छोटा होता पण कामाचा. मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१६ साली पक्कं केलं आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४ ए हे कलम आलं, आणि त्याखालच्या नियमांत मदत करणाऱ्यानं नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. गोल्डन अवर म्हणजे जखम झाल्यापासूनचा एक तास, हेसुद्धा आता कायद्यातच लिहिलंय. २०२५ पासून रस्ता अपघातातल्या माणसाला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार रोख न भरता मिळायची योजना आहे. हे मी आता नातेवाइकांना गाडीतच सांगतो, कारण अर्धा रस्ता ते फोनवर पैसेच जमवत असतात. कर्नाटकची हरीश सांत्वना योजना त्याच्याही आधीची, २०१६ ची. हरीश म्हणजे नेलमंगलाजवळ लॉरीखाली अंगाचे दोन तुकडे झालेला तो तरुण, ज्यानं मरता मरता अवयव दान करा म्हणून सांगितलं होतं. ते ऐकताना वर्गात कुणी बोललं नाही.

शेवटच्या तासाला डॉक्टरांनी घानाची गोष्ट सांगितली. घाना मला फक्त फुटबॉलमुळे ठाऊक. तिथं सरकारी अँब्युलन्सचं जाळंच नव्हतं, तेव्हा ३३५ ट्रक आणि टॅक्सीवाल्यांना सहा तासांचा प्रथमोपचार शिकवला. नंतर त्यांच्यातल्या काहींना गाठून विचारलं, तर शंभरात ६१ जणांनी कुणाला ना कुणाला खरोखर मदत केली होती. उत्तर इराक आणि कंबोडियात भूसुरुंगांच्या भागात गावकऱ्यांना आणि आरोग्यसेवकांना शिकवलं, तर पाच वर्षांत जखमींतले मृत्यू शंभरात ४० वरून १५ च्या घरात आले. तिथं हेलिकॉप्टर नव्हतं, आमच्यासारखीच माणसं होती. घानावाल्यांना सहा तास, आम्हाला तीन दिवस, आणि आम्ही पहिल्या सकाळी हाताची घडी घालून बसलो होतो.

आता कोर्सचा खरा हिशेब. पंधरा दिवसांनी लोंढ्याच्या रस्त्याला एक रिक्षा उलटली. मी पोचलो आणि सगळं विसरलो. सगळं! उचललं, टाकलं, सायरन, खानापूर. पेशंटला आत नेताना स्ट्रेचरच्या चादरीवर पाठीखाली रक्ताचं थारोळं दिसलं तेव्हा लक्षात आलं की मी त्याच्या पाठीखालून हातच फिरवला नव्हता. तो वाचला, त्यात माझा काही वाटा नाही. त्या रात्री मुलीकडून मोठ्या अक्षरात कार्ड लिहून घेतलं आणि समोरच्या सनव्हायझरला चिकटवलं: रक्त. घसा. श्वास. नाडी. शुद्ध. पाठ बघ. कांबळ. वेळ लिही. (कात्रीपण तेव्हाच परत आली.)

जानेवारीत, उसाच्या दिवसांत, ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी. मी स्वतः नऊ वर्षं ऊस ओढलाय, मला ठाऊक आहे की फाटका लाल सदरा बांधला की आम्हाला वाटायचं झालं काम. मोटरसायकलवरचं पोरगं मागून आत घुसलेलं. उजव्या नडगीतून ठोक्याठोक्याला उडणारी धार. ह्या वेळी आधी कार्ड वाचलं, मोठ्यानं, पोराचा मित्र ओरडत होता तरी. पाऊचमधली आवळपट्टी गुडघ्याच्या वर, मांडीला. पीळ. पोरगं मला आईवरून शिव्या देत होतं, म्हणजे घसा मोकळा आहे. धार थांबली. कपाळावर ८:४०. मित्राला मागे बसवलं, पट्टीला हात लावायचा नाही आणि ह्याला झोपू द्यायचं नाही, दोनच कामं. कांबळं दोन्ही. मग निघालो, आणि खरं सांगतो, नेहमीपेक्षा हळू चालवली. जांबोटी रस्त्याच्या वळणांवर मागचा माणूस आपटत नाही एवढीच स्पीड.

दवाखान्यात सोपवायची एक पद्धत शिकवली होती: काय झालं, कुठं लागलं, आता कसा आहे, मी काय केलं. चार वाक्यं, अर्धं मिनिट. मी गाडीत तालीम केली होती. काउंटरवर पहिला प्रश्न आला, ‘‘आधार कार्ड आहे?’’ माझी चार वाक्यं तशीच राहिली. म्हणजे बोलायला आम्हाला शिकवलं, ऐकायला त्यांना कुणी शिकवायचं? ही तक्रार मी कोर्सच्या फॉर्मवर लिहून दिली असती, पण फॉर्म तिसऱ्या दिवशीच भरून घेतात. पुढे एक शिकाऊ डॉक्टरीण आली, कपाळ बघितलं, घड्याळ बघितलं, आणि म्हणाली, ‘‘सांगा काका.’’ तेव्हा सांगितली. पाय राहिला पोराचा. दोन बोटं गेली.

आवळपट्टी मात्र तिथंच कचऱ्यात गेली. पाऊचमध्ये एकच दिली होती. दुसरी मागायला फोन केला तर म्हणाले, बॅचला एकेकच असते. बाजारात स्वस्तातल्या मिळतात, पण त्यांचा दांडका पिळताना मोडतो, हे त्यांनीच आम्हाला मोडून दाखवलंय. सध्या जाड कापडाची पट्टी आणि १४-१५ चा पाना.

मी पाचात चार देईन. एक कापतोय तो भाषेसाठी आणि सहा महिन्यांनी उजळणी नाही यासाठी. हात विसरतो. माझा पंधरा दिवसांत विसरला होता. फी वाढवा, पण अर्ध्या दिवसासाठी पुन्हा बोलवा, नुसती तंगडी आणि लुगडं, दीपप्रज्वलन नको.

जाणाऱ्यांसाठी: स्वतःची गाडी घेऊन जा, त्याशिवाय शेवटच्या दोन तासांचा काही उपयोग नाही. जेवण साधं, भात-सांबार-भाजी, पोटभर. तंगडीचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. जुनी पँट घालून जा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या ओळीत बसू नका.